असून नसल्यासारखं

"तू नेटवर नाहीस?" हा प्रश्न हल्ली साधारण "तुझं रेशनकार्डात नाव नाही?" अशा सुरात विचारला जातो. मुलाखतीला बोलवायच्या आधी एचआरवाले आपलं नाव शोधून बघतात. लग्नाचं स्थळ बघणारे तर त्याहून कसून शोधतात. कोपऱ्यावरच्या गिरणीवाल्याचाही नकाशावर ठिपका असतो आणि त्याला कुणीतरी साडेचार तारे दिलेले असतात. थोडक्यात काय, शोधल्यावर सापडलं नाही तर ते नाहीच, असं आपण सगळ्यांनी गुपचूप मान्य करून टाकलंय.

पण "नेटवर असणं" म्हणजे नक्की काय? पडद्यावर दिसलं की झालं का? हा प्रश्न माणसापेक्षा भाषेला लावून बघितला तर जास्त मजा येते, कारण आपल्या मराठीच्या बाबतीत तो दहा-बारा वर्षं अगदी शब्दशः प्रश्न होता. २०११ च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाख लोकांनी मराठी ही मातृभाषा म्हणून नोंदवलीय. इतक्या लोकांची भाषा नेटवर दिसत होती, वाचली जात होती, आणि तरीही यंत्राच्या लेखी अस्तित्वातच नव्हती. कशी, ते सांगतो. या शनिवारी जरा इतिहासात शिरू.

सात बिटांची खोली

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं ते १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमच्या कृपेने. विद्यार्थ्यांसाठी शेल अकाउंट नावाचा स्वस्त प्रकार होता. चित्रं नाहीत, माउस नाही, काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं. आणि अक्षरं म्हणजे रोमन अक्षरं. कारण त्या सगळ्या यंत्रणेच्या मुळाशी होती आस्की नावाची तालिका. सात बिट, म्हणजे एकूण १२८ जागा. त्यात इंग्रजीची मोठी अक्षरं, छोटी अक्षरं, आकडे, विरामचिन्हं आणि यंत्राला द्यायच्या काही खुणा बसवल्या की खोली भरली. बाकीच्या जगाने बाहेर पडवीत थांबायचं.

मराठी माणूस थांबला नाही. तो रोमन लिपीत मराठी लिहायला लागला. सॉक डॉट कल्चर डॉट इंडियन डॉट मराठी नावाचा यूजनेटवरचा गट होता, तिथे परदेशातली मंडळी अशीच रोमन मराठीत गप्पा हाणत. मायबोलीची सुरुवात १९९६ च्या गणेश चतुर्थीची, म्हणजे त्याच काळातली. आता रोमनमध्ये "न" आणि "ण" वेगळे कसे दाखवायचे? तर "ण" साठी मोठा एन, "ळ" साठी मोठा एल. "बाळ" आणि "बाल" यांतला फरक शिफ्ट दाबण्यावर अवलंबून! अमेरिकेत राहणाऱ्या अविनाश चोपडे यांनी याच कल्पनेला शिस्त लावून आयट्रान्स नावाची आज्ञावली लिहिली. रोमनमध्ये ठरावीक पद्धतीने टंकायचं आणि छापताना देवनागरी मिळवायची. आज आपण फोनवर "नमस्कार" रोमनमध्ये टंकतो आणि देवनागरी उमटतं, त्याचे पणजोबा म्हणायला हरकत नाही.

घरात होतं ते

बरं, आपल्याकडे काही काम झालंच नव्हतं असंही नाही. उलट फार चांगलं काम झालं होतं. आयआयटी कानपूरमध्ये मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिस्ट नावाचं तंत्र विकसित केलं. पुढे १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झालं आणि ते काम तिथे वाढलं. संगणकात एक कार्ड खोचायचं की पडद्यावर भारतीय लिपी दिसायला लागायची. त्यामागे इस्की नावाचं प्रमाण होतं. त्याचा १९८८ चा एक आराखडा होता आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने आयएस १३१९४ म्हणून त्याला मान्यता दिली.

इस्कीतली कल्पना मला आजही देखणी वाटते. आपल्या सगळ्या लिप्या दिसायला कितीही वेगळ्या असल्या तरी वर्णमाला एकच आहे. क ख ग घ ङ हा क्रम देवनागरीत तोच, गुजरातीत तोच, बंगालीत आणि कन्नडातही तोच. मग प्रत्येक लिपीसाठी वेगळी तालिका कशाला? "क" या ध्वनीला एक क्रमांक द्या आणि तो कुठल्या लिपीत काढायचा ते दाखवताना ठरवा. खालच्या १२८ जागा आस्कीला जशाच्या तशा ठेवल्या आणि वरच्या १२८ मध्ये आपली मंडळी बसवली. साठवायचा तो उच्चार आणि दाखवायची ती आकृती, अशी ही स्वच्छ वाटणी होती.

मग हे नेटवर का चाललं नाही? कारण ब्राउझर बनवणाऱ्यांना इस्की माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यायची गरजही नव्हती. आपलं प्रमाण आपल्या कार्डापुरतं आणि आपल्या सॉफ्टवेअरपुरतं राहिलं. नेटस्केप किंवा इंटरनेट एक्सप्लोरर उघडणाऱ्या माणसाला त्याचा काही उपयोग नव्हता.

सोंगाड्या फॉन्ट

इथून पुढचा प्रकार खास आपला आहे. ब्राउझरला फक्त रोमन अक्षरं कळतात ना? ठीक आहे, मग आपण त्याला रोमन अक्षरंच देऊ, पण फॉन्टमध्ये त्या अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे काढून ठेवू. फाईलमध्ये असणार "के", पडद्यावर दिसणार काना. संगणकाला वाटणार आपण इंग्रजी दाखवतोय आणि माणसाला वाटणार आपण मराठी वाचतोय. दोघेही खूश!

एक उदाहरण घेऊ. कृतिदेव नावाचा फॉन्ट हिंदी पट्ट्यात प्रचंड चालला, आपल्याकडेही कमी चालला नाही. त्यात "भारत" लिहायचं तर फाईलमध्ये काय साठतं? एच, के, के, जे, आर. एच म्हणजे अर्धा भ, पहिल्या केचा दंड लागून तो पूर्ण झाला, दुसरा के म्हणजे काना, जे म्हणजे र आणि आर म्हणजे त. हे सगळं टाइपरायटरच्या पट्ट्यांवरून आलेलं होतं. "भ" हे अक्षर म्हणून कुठे नव्हतंच, भ-सारखा दिसणारा तुकडा आणि एक उभी रेघ होती.

आणि प्रत्येकाचे तुकडे वेगळे! श्रीलिपीचे वेगळे, शिवाजीचे वेगळे, किरणचे वेगळे, सी-डॅकच्या योगेश आणि सुरेखचे वेगळे. एका फॉन्टमध्ये लिहिलेलं दुसऱ्यात उघडलं की समोर रोमन, कंस, टक्के आणि उद्गारचिन्हांची खिचडी. वृत्तपत्रांनी नेटवर पाऊल टाकलं तेव्हा प्रत्येकाने आपापला फॉन्ट वाचकाला उतरवून घ्यायला लावला. "बातमी वाचण्यासाठी आधी हा फॉन्ट स्थापित करा" ही ओळ त्या पिढीतल्या प्रत्येकाला आठवत असेल. ऑफिसच्या किंवा सायबर कॅफेच्या मशीनवर फॉन्ट टाकायची परवानगी नसायची, म्हणजे बोंबलाच. १९९७ च्या सुमारास डायनॅमिक फॉन्ट आले, म्हणजे पानाबरोबर फॉन्ट आपोआप येणार. त्यातही नेटस्केपची पद्धत वेगळी आणि मायक्रोसॉफ्टची वेगळी. नेटस्केपने २००० मध्ये नव्या आवृत्तीत आपली पद्धत सोडून दिली आणि तिच्या भरवशावरची पानं एका रात्रीत वाचेनाशी झाली. काही हुशार लोकांनी या सगळ्याला वैतागून मजकुराचं सरळ चित्रच बनवून टाकायला सुरुवात केली. चित्र कुठेही दिसतं, पण त्यातला शब्द कुणालाच सापडत नाही.

मूळ दुखणं तेच होतं. मजकूर दिसत होता, पण तो मजकूर नव्हता. शोधयंत्राला त्या पानावर "शिवाजी" हा शब्द सापडणार नव्हता, कारण तो तिथे लिहिलेलाच नव्हता. शब्दांची अकारविल्हे लावता येत नव्हती. आणि दृष्टिहीन वाचकाचं काय? स्क्रीन रीडर पडद्यावरची आकृती बघत नाही, फाईलमधलं अक्षर वाचतो. डोळस माणसाला जिथे "भारत" दिसत होतं तिथे त्याला "एच के के जे आर" ऐकू येत होतं. मराठी त्या पानावर असून नसल्यासारखी होती.

मला इथे नेहमी मोडीची आठवण होते. पिढ्यान्‌पिढ्या आपला जमाखर्च, वतनाचे कागद, दरबारी पत्रव्यवहार मोडीत झाला. छपाईने बाळबोध लिपी उचलली, पुढे शाळांतून मोडी गेली, आणि आज पुण्याच्या पेशवे दफ्तरातले कागद वाचायला खास शिकलेला माणूस लागतो. कागद जागेवर आहेत, शाई शाबूत आहे, वाचणारे कमी झालेत. मोडीच्या बाबतीत असं व्हायला काही पिढ्या जाव्या लागल्या. फॉन्टच्या जमान्यातल्या मजकुरावर ही वेळ दहा वर्षांत आली.

युनिकोड

इकडे हा गोंधळ चालू असताना तिकडे कॅलिफोर्नियात काही कंपन्यांची माणसं एक वेगळीच वही बनवत होती. जगातल्या प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक वर्णाला एक कायमचा क्रमांक द्यायचा, म्हणजे एकाचा दुसऱ्याशी घोळ नाही. युनिकोडची पहिली आवृत्ती ऑक्टोबर १९९१ मध्ये आली आणि तिच्यात देवनागरीला १२८ जागांचा खण मिळाला. त्या खणातली मांडणी कुठून आली? इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावरून! कार्डापुरतं राहून गेलं म्हणून ज्याचं वाईट वाटत होतं, त्या कामाचा सांगाडा आज जगातल्या प्रत्येक फोनमध्ये आहे. हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम सांगितलं.

युनिकोडात "भारत" म्हणजे भ, काना, र, त. चार क्रमांक, तुम्ही उच्चारता त्याच क्रमाने. "कि" लिहिताना वेलांटी दिसायला आधी दिसते, पण साठवली जाते "क" नंतर. "क्ष" साठी क, हलन्त, ष असे तीन क्रमांक. त्यांची सुबक आकृती जुळवणं हे दाखवणाऱ्याचं काम. या जुळवणीसाठी लागणारी यंत्रणा विंडोज २००० मध्ये आली आणि तिच्याबरोबर आला मंगल हा फॉन्ट. तो र. कृ. जोशी यांनी घडवलेला, सुलेखनकार, कवी आणि आयआयटी मुंबईतले अध्यापक. नेटवरची पहिली धड मराठी आपल्यापैकी बहुतेकांनी जोशीसरांच्या अक्षरात वाचलीय, आणि बहुतेकांना त्यांचं नाव माहीत नाही.

अर्थात सगळं लगेच सुरळीत झालं नाही. विंडोज एक्सपीमध्ये सेटिंगच्या कुठल्यातरी आतल्या पानावर एक खूण करावी लागायची, मग ते एक्सपीची सीडी मागायचं, आणि सीडी तर संगणक जोडून देणाऱ्याकडे! तोपर्यंत चौकोन बघा नाहीतर तुटक्या वेलांट्या. जागाही जास्त लागायची. युटीएफ-८ मध्ये रोमन अक्षराला एक बाइट पुरतो, देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला तीन लागतात. म्हणजे तो पाच बाइटांचा सोंगाड्या "भारत" इथे बारा बाइटांचा झाला. एसएमएसमध्ये तर इंग्रजीला १६० अक्षरं आणि मराठीला ७०, त्यातही काना-मात्रा वेगळे मोजलेले. दिवाळीच्या शुभेच्छा रोमनमध्ये जायच्या त्याला हे एक अगदी व्यवहारी कारण होतं.

आणि काही गोष्टी खास मराठीच्या होत्या. "आचार्यांना" आणि "आचाऱ्यांना" यांतला फरक आपल्याला कळतो, पहिले शिकवतात आणि दुसरे जेवण रांधतात. तो फरक दाखवणारा अर्धा र हिंदीला लागत नाही, त्यामुळे तो नीट उमटेपर्यंत बरीच वाट बघावी लागली. तसाच "ॲ". इंग्रजी शब्दांसाठी आपण तो सर्रास वापरतो, पण युनिकोडात त्याला स्वतःची जागा मिळाली ती थेट एप्रिल २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत. त्याआधी लोक "अ" वर चंद्र ठेवून भागवत होते. परिणाम असा की "ॲप" हा शब्द आजही दोन प्रकारे लिहिलेला सापडतो, दिसायला एकसारखा, आतून वेगळा. एका प्रकाराने शोधलं तर साध्या शोधात दुसरा निसटतो. खात्री नसेल तर एखाद्या मोठ्या मराठी फाईलमध्ये शोधून बघा.

हौशी मंडळी

युनिकोड होता म्हणून मराठी नेटवर आली, असं म्हणणं म्हणजे रस्ता होता म्हणून पालखी आली असं म्हणण्यासारखं आहे. चालणारे लोक लागतात. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला. तेव्हा मराठीत टंकायचं कसं हेच बहुतेकांना माहीत नव्हतं. २००४ मध्ये मनोगत आलं आणि तिथे थेट देवनागरीत टंकायची सोय होती. मूळची कन्नडसाठी केलेली बरहा ही आज्ञावली मराठीलाही चालायला लागली, कुणी गमभन लिहून फुकट वाटलं. यातली बहुतेक माणसं दिवसा दुसऱ्याच कुणाचं सॉफ्टवेअर लिहीत होती आणि रात्री हे. कुणी त्यांना कंत्राट दिलं नव्हतं. त्यांच्यामुळे मराठी शोधल्यावर सापडायला लागली.

आणि थोडी गंमत म्हणजे, मराठीतला आपला सगळ्यात मोठा ठेवा नेटवर कुठे सापडतो? मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतात. अख्खा मजकूर अक्षरशः टंकून घेतलाय त्यांनी, नुसती पानांची चित्रं टाकलेली नाहीत. एखाद्या जुन्या शब्दावर अडलो की मी पुण्यात बसून शिकागोचं दार वाजवतो. लाज वाटायची ती वाटतेच, पण शब्द मिळतो.

मामाचं पुस्तक

हे सगळं मला पुस्तकी माहीत होतं. अंगावर आलं ते २०१७ मध्ये. माझा मामा तालुक्याच्या गावी शिक्षक होता. निवृत्तीनंतर त्याने धरणाखाली गेलेल्या आजूबाजूच्या गावांची माहिती जमवली. गावं तर सरकारी कागदांत आहेतच, पण मामाने शेतांची नावं, विहिरींची नावं, कुठल्या आळीत कुणाची घरं होती, कोण उठून कुठे गेलं, हे म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून काढलं. १९९९ मध्ये पदरचे पैसे घालून पुस्तक छापलं. पाचशे प्रती, त्या वाटण्यातच संपल्या.

"मामा, आपण हे नेटवर टाकू," मी म्हणालो.

"टाक की. सीडी आहे माझ्याकडे. त्या डीटीपीवाल्याने दिलीय," मामा म्हणाला. त्याने ती देवघराच्या कपाटात ठेवली होती!

सीडी चालली हे नशीब. फाईल उघडली तर खिचडी. डीटीपीवाल्याचं दुकान बंद होऊन त्याजागी मोबाईलचं दुकान आलेलं. कुठला फॉन्ट होता तेच शोधण्यात एक आठवडा गेला. मग दोन शनिवार-रविवार बसून एक छोटा प्रोग्राम लिहिला. वरून सोपं वाटतं, या तुकड्याच्या जागी तो वर्ण, बस्स. पण वेलांटी फाईलमध्ये आधी येते, ती उचलून पुढच्या पूर्ण जोडाक्षरानंतर ठेवायची. रफार उलटा, तो शेवटी येतो आणि त्याला उचलून अक्षराच्या आधी न्यायचं. "वर्ष" हा साधा शब्द, पण फाईलमध्ये व, ष, आणि मग डोक्यावरचा रफार. मोठे तुकडे आधी बदलायचे, नाहीतर छोटे त्यांना खाऊन टाकतात. कोशातले शब्द चुकले तर कळतात, पण विहिरीचं नाव चुकलं तर कळणार कसं? त्यासाठी छापील पुस्तक घेऊन मामा समोर बसला आणि एकेक नाव ताडून दिलं. त्या वेळी त्याचं वय ७८ होतं. दुसऱ्या कुणाला ते काम जमलंच नसतं.

मग साध्या पानावर तो मजकूर ठेवला. रंग नाहीत, चित्रं नाहीत, नुसता मजकूर. सहा-सात महिन्यांनी एका मुलीची ईमेल आली. पनवेलला राहणारी. आजोबांच्या तोंडी एका शेताचं नाव कायम असायचं, ते तिने सहज शोधून बघितलं होतं. गाव, आळी, शेजारची घरं, सगळं मिळालं. तिने विचारलं होतं, आणखी काही माहिती आहे का? मामाने तिला फोनवर तासभर सांगितलं. नंतर मला म्हणाला, "अरे, पाचशे लोकांना पुस्तक दिलं, पण हिच्या घरी द्यायचं राहिलंच होतं."

विचार करा, तेच पुस्तक जुन्या फॉन्टमध्ये नेटवर पडून असतं तर? किंवा पानांचे फोटो असते तर? नेटवर तेव्हाही असतं. त्या मुलीला मात्र सापडलं नसतं.

भाड्याची खोली

आता दुसरी बाजू. अक्षरं धड असली तरी जागा कुणाची, हाही प्रश्न असतोच. नव्वदीच्या दशकात जिओसिटीज नावाची वसाहत होती, फुकट पान मिळायचं. याहूने १९९९ मध्ये ती अब्जावधी डॉलरला विकत घेतली आणि २६ ऑक्टोबर २००९ ला बंद केली. काही स्वयंसेवकांनी मिळेल तेवढं उचलून जतन केलं, बाकीचं गेलं. ऑर्कुट २००४ मध्ये आलं. आपल्या कॉलेजचे, गावांचे, गडकिल्ल्यांचे, नाटकांचे किती समूह होते तिथे! ३० सप्टेंबर २०१४ ला दार बंद. गुगल प्लस २ एप्रिल २०१९ ला. यात कुणी दुष्ट होतं असं नाही. जागा त्यांची, हिशोब त्यांचा, जमला नाही तेव्हा त्यांनी कुलूप लावलं. भाडेकरूने घराला रंग काढला म्हणून घर त्याचं होत नाही.

बंद झालेली जुनी पानं बघायची तर १९९६ मध्ये स्थापन झालेल्या इंटरनेट अर्काइव्हमध्ये बघता येतात. त्यांचं वेबॅक मशीन २००१ पासून सगळ्यांना खुलं आहे. पण तिथे जाऊन एखादं जुनं मराठी पान उघडा. पान बऱ्याचदा जसंच्या तसं ठेवलेलं असतं, फॉन्ट मात्र नसतो. पुन्हा खिचडी. त्यांनी त्यांचं काम चोख केलंय, मुळात मजकूरच मराठी नव्हता त्याला ते काय करणार?

आणि आज

आज अडचण उरली नाही असं वाटेल. फोनवर बोललं तरी मराठी टंकली जाते. २०१४ पासून डॉट भारत असा देवनागरीत पत्ता घेता येतो, जरी पडद्यामागे तो अजूनही रोमन अक्षरांतच साठवला जातो (सवयीचा परिणाम!). त्याच वर्षी मोडीलाही युनिकोडात जागा मिळाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले.

आणि ते स्टेटस कसे होते? चित्रं! सुंदर अक्षरात लिहिलेला मजकूर, मागे सूर्यास्त किंवा गड, आणि त्याचं चित्र. मराठीत आज जे लिहिलं जातं त्यातलं किती आपण चित्र करून पाठवतो, ते आपलाच फोन उघडून बघा. उरलेल्यातलं बरंचसं व्हॉट्सॲपच्या समूहात, तेही लिहिणाऱ्याचं नाव गळालेलं. आजीच्या पाककृती, गावच्या जत्रेची माहिती, एखाद्या जुन्या कामगाराच्या आठवणी, दर रविवारी सकाळी येतात आणि संध्याकाळपर्यंत वर सरकून जातात. फोन बदलला की गेलं. १९९८ मध्ये तंत्र नव्हतं म्हणून आपण मजकुराचं चित्र करत होतो. आज तंत्र खिशात आहे आणि आपण हौसेने चित्र करतोय.

हे पूर्वी फक्त शोधण्यापुरतं होतं. आता यंत्रं भाषा शिकतात ती अशाच उघड्यावर असलेल्या मजकुरातून. जी मराठी तिथे आहे तीच त्यांना येणार. इंग्रजीवरून उतरवलेल्या जाहिरातींची मराठी भरपूर सापडेल, आणि कोल्हापूरच्या आजीची तांबड्या रश्शाची कृती सापडणार नाही, कारण ती कुणाच्यातरी समूहात चित्र होऊन पडलीय. चंद्रपूरची, मालवणची, खानदेशची मराठी तर आणखीच दूर.

म्हणून मी स्वतःपुरती एक साधी चाचणी ठेवलीय. काहीही नेटवर ठेवलं की तीन गोष्टी बघायच्या. त्यातला शब्द शोधून सापडतो का? मजकूर उचलून दुसरीकडे नेता येतो का? आणि जागेच्या मालकाने उद्या कुलूप लावलं तर माझ्याकडे प्रत आहे का? तिन्हीचं उत्तर हो असेल तर ते नेटवर आहे. नसेल तर ते फक्त दिसतंय. ही चाचणी आपल्या लिंक्डइनच्या पानाला लावून बघा, ऑफिसच्या ब्लॉगला लावून बघा, आणि आईच्या पाककृतींना तर नक्कीच लावा.

असो. उपदेश पुरे. :-)

एकच व्यवहाराचं सांगतो. तुमच्याही घरात, काकांकडे, शाळेच्या कपाटात, मंडळाच्या कार्यालयात अशी एखादी जुनी सीडी असेल. स्मरणिका, कुलवृत्तांत, दिवाळी अंकाची फाईल, काहीही. ती या शनिवार-रविवारी आधी कॉपी करून घ्या, सीड्या फार टिकत नाहीत. त्यात फॉन्टची फाईल असेल तर तीही जपून ठेवा, कचरा समजून उडवू नका. मजकूर नंतर कधीही फिरवता येतो. फॉन्टचं नाव हरवलं तर मात्र फार शोधावं लागतं.